ट्रूपमधली पदं, रँक आणि ईगलचं गणित: अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी

पोरगं पाचवी संपवून स्काउटच्या ट्रूपमध्ये जायला लागलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो "ईगल कधी होणार", म्हणजे सगळ्यात वरची रँक कधी मिळणार, आणि दुसरा "याला लीडर कधी करणार". प्रश्न दोन्ही बरोबर आहेत, फक्त क्रम उलटा आहे. वरच्या तीन रँक पद सांभाळल्याशिवाय मिळतच नाहीत, आणि पदाचे महिने धावत जाऊन भरून काढता येत नाहीत. मेरिट बॅज (एकेक विषय शिकून मिळणारे बिल्ले) एका समर कॅम्पमध्ये चार-पाच होऊन जातील, पण पदाचे सहा महिने म्हणजे सहा महिनेच लागतात, मुलगा कितीही हुशार असो. मी ट्रूप कमिटीवर आहे त्यामुळे दरवर्षी कोणाचे तरी आईबाबा सतरावं लागल्यावर कॅलेंडर घेऊन येतात हे बघतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

आधी थोडं सांगतो म्हणजे गोंधळ नको. आपल्यातले बरेच जण महाराष्ट्रात शाळेतल्या स्काउट-गाईडच्या तासाला गेलेले असतात, प्रथम सोपान, द्वितीय सोपान वगैरे, आणि एखादा राष्ट्रपती पुरस्कारवाला दादा शाळेचा हिरो असायचा. तिथे सर सांगणार आणि पोरं करणार. इथलं तसं नाही. इथे ट्रूप म्हणजे स्काउट्स बीएसए, त्याची मूळ संस्था बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका, जिचं नाव फेब्रुवारी 2025 पासून स्काउटिंग अमेरिका झालं. 2019 पासून मुलींचेही ट्रूप आहेत, रँक आणि अटी अगदी त्याच. ट्रूप एखादं चर्च, लायन्स क्लब, कधी एखादं मंदिर चार्टर करतं पण रोजचा कारभार मुलांनी चालवायचा असतो आणि मोठ्यांनी मागे उभं राहायचं असतं. हे शेवटचं वाक्य वाचायला सोपं आहे, आपल्याला पचायला महिने जातात.

रँक सात आहेत: स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ, ईगल. पहिल्या चार म्हणजे कामाची शिकवणी. गाठी, फर्स्ट एड, नकाशा-होकायंत्र, चाकू-कुऱ्हाड नीट वापरणं, तंबू, स्वयंपाक, पोहणं. या चारांच्या अटी एकाच वेळी करत गेलं तरी चालतं, फक्त रँक क्रमाने मिळते, म्हणजे टेंडरफूट असतानाच फर्स्ट क्लासचा स्वयंपाक करून सही घेतली तर काही बिघडत नाही. इथे पद लागत नाही, रँकसाठी मेरिट बॅजही लागत नाहीत (करायचे तर पहिल्या दिवसापासून करता येतात, ते पुढे मोजले जातात). साधारण नियमित येणारं मूल वर्ष-दीड वर्षात फर्स्ट क्लास होतं.

आपल्या मुलांची गाडी दोन ठिकाणी अडते, हे आधीच सांगून ठेवतो. एक म्हणजे पोहणं. फर्स्ट क्लासला स्विमरची टेस्ट लागते, डोक्यावरून पाणी असेल तिथे उडी मारून एकूण 100 यार्ड, त्यातले 75 यार्ड जोरात हात मारत आणि 25 यार्ड पाठीवर निवांत, आणि मग तरंगून दाखवायचं. कुमॉन, मराठी शाळा, तबला, रोबोटिक्स यात स्विमिंग क्लास राहून गेलेला असतो, तर तो पहिल्याच वर्षी लावा. दुसरं म्हणजे कॅम्पआउट. सेकंड क्लासला आणि फर्स्ट क्लासला रात्री बाहेर काढलेल्या लागतात, आणि गणपती, दिवाळी, कोणाची मुंज, कोणाचं भारतातून आलेलं पाहुणं असं करत करत शनिवार-रविवार निघून जातात. ट्रूपचं वर्षाचं कॅलेंडर साधारण उन्हाळ्याच्या शेवटी येतं, ते मंडळाच्या कॅलेंडरशेजारी ठेवून निदान निम्मे कॅम्प आधीच पक्के करून टाका.

स्वयंपाकाचं मात्र उलट आहे, तिथे आपली पोरं भाव खाऊन जातात. फर्स्ट क्लासला एका कॅम्पआउटचा मेनू ठरवायचा, नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण, त्यातली किमान दोन शिजवायची, सामानाची यादी करायची, माणशी खर्च काढायचा. पॅट्रोलमध्ये (ट्रूपमधल्या मुलांचा छोटा गट) दोघं-तिघं शाकाहारी असले तर पावभाजी हे एक नंबर काम आहे, दोन बर्नरच्या स्टोव्हवर एकीकडे भाजी आणि एकीकडे तव्यावर पाव. फक्त भाजी घरून उकडून मॅश करून डब्यात देऊ नका हो, मग मुलाने केलं काय! आणि कुकरही पाठवू नका, बटाटे बारीक चिरून भांड्यात झाकण ठेवून शिजतात, वेळ जास्त लागतो एवढंच, आणि पॅट्रोल भुकेने ओरडायला लागलं की आधी बटाटे टाकायला हवे होते हे त्याला आपोआप कळतं.

आता घड्याळ. फर्स्ट क्लास झाल्यावर स्टारसाठी किमान चार महिने, स्टारनंतर लाइफसाठी सहा महिने, लाइफनंतर ईगलसाठी सहा महिने. एकूण सोळा. ईगलची सगळी कामं अठरावा वाढदिवस यायच्या आत संपली पाहिजेत, म्हणजे कागदावर बघायचं तर सोळा वर्षं आठ महिन्यांपर्यंत फर्स्ट क्लास आणि साडेसतराच्या आत लाइफ झालंच पाहिजे. पण कागदावरच्या हिशेबावर जाऊ नका. अकरावीत एसएटी, एपी, ड्रायव्हिंग लायसन्स, बँडचे दौरे हे सगळं एकदम अंगावर येतं. मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो की पंधरावं संपायच्या आत लाइफ करून टाका, मग ईगलच्या प्रोजेक्टला शांतपणे दीड-दोन वर्षं मिळतात.

या प्रत्येक टप्प्यात पद सांभाळायचं असतं, स्टारला चार महिने, लाइफला सहा, ईगलला सहा. आणि गोची अशी की महिने त्या-त्या रँकवर असतानाचेच धरतात. सेकंड क्लासला असताना वर्षभर स्क्राइब (नोंदी लिहिणारा) होता, छान, पण स्टारसाठी त्याचा शून्य महिना. घड्याळ आधीच्या रँकच्या बोर्ड ऑफ रिव्ह्यूच्या (रँकच्या शेवटी होणारी मुलाखत, त्याबद्दल पुढे आहे) तारखेपासून सुरू होतं. म्हणून बोर्ड महिनाभर पुढे ढकललं की पुढचं सगळंच महिनाभर पुढे जातं. सवलत एवढीच की महिने सलग असायची गरज नाही आणि दोन वेगळ्या पदांचे जोडता येतात, दोन महिने हिस्टोरियन आणि दोन महिने क्वार्टरमास्टर असेही चार होतात. स्टार आणि लाइफला एक पळवाटही आहे, पदाऐवजी स्काउटमास्टर (ट्रूपचा मोठ्यांमधला प्रमुख) ट्रूपच्या उपयोगाचा एखादा लीडरशिप प्रोजेक्ट देऊ शकतो. ईगलला ही सोय नाही.

कुठलं पद घ्यावं?

सगळ्यात वर एसपीएल म्हणजे सीनियर पॅट्रोल लीडर, त्याला अख्खा ट्रूप निवडून देतो, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने निवडणूक असते. प्रत्येक पॅट्रोलचा लीडर त्या पॅट्रोलची मुलं निवडतात. बाकीची पदं एसपीएल स्काउटमास्टरशी बोलून देतो: असिस्टंट एसपीएल, ट्रूप गाइड, क्वार्टरमास्टर, स्क्राइब, हिस्टोरियन, लायब्रेरियन, इन्स्ट्रक्टर, चॅपलेन एड, डेन चीफ, वेबमास्टर, आउटडोअर एथिक्स गाइड आणि अजून दोन-तीन. यात एक सापळा आहे, असिस्टंट पॅट्रोल लीडर हे पद कुठल्याच रँकला धरत नाहीत. "माझा मुलगा असिस्टंट लीडर आहे" म्हणून आईबाबा निर्धास्त असतात आणि चार महिन्यांनी कळतं. ब्युगलरचंही (बिगुल वाजवणारा) तसंच अर्धवट आहे, स्टार आणि लाइफला चालतं, ईगलला नाही.

सगळ्यांना एसपीएल व्हायचं असतं, किंवा खरं तर सगळ्यांच्या आईबाबांना. माझं मत विचाराल तर पहिलं पद म्हणून क्वार्टरमास्टर घ्यावं, आणि ते कोणी मागत नाही म्हणून पटकन मिळतंही. काम म्हणजे ट्रूपचे तंबू, स्टोव्ह, गॅसचे सिलिंडर, भांड्यांच्या पेट्या, कंदील याचा हिशेब. दिसायला हमाली आहे. पण रविवारी दुपारी पाऊस खाऊन आलेला कॅम्प संपतो तेव्हा तिथे उभं राहून बघा. आठ ओले तंबू, सगळ्यांना घरी जायची घाई, आईबाबा गाडी चालू ठेवून बसलेले. आता ओला तंबू पिशवीत कोंबला तर पुढच्या महिन्यात उघडताना काळी बुरशी आणि वास. मग क्वार्टरमास्टरने कोणाच्या गॅरेजमध्ये कुठला तंबू वाळायला जाणार हे वहीत नंबरासकट लिहायचं, त्या मुलाची सही घ्यायची, पुढच्या मीटिंगला परत आला का बघायचं, खुंट्या मोजायच्या, आणि दोन कमी भरल्या तर आपल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलाला जाऊन विचारायचं की खुंट्या कुठे आहेत. तेरा वर्षांच्या मुलाला हे विचारायला किती बळ लागतं ते बघायचंय मला, गणिताच्या ऑलिम्पियाडला नाही लागत तेवढं. सहा महिने हे केलेल्या मुलाला ट्रूप नंतर स्वतःहून निवडून देतो, कारण त्याचा तंबू कोरडा होता हे सगळ्यांच्या लक्षात असतं.

डेन चीफ हे पण भारी पद आहे आणि आपल्या लोकांना माहीतच नसतं. कब स्काउट म्हणजे प्राथमिक शाळेतली लहान पोरं, त्यांच्या एका गटाला मदत करायची, खेळ घ्यायचे, गाठी शिकवायच्या. लाजाळू मुलांसाठी उत्तम, सात वर्षांच्या पोरांसमोर लाजायला वेळच मिळत नाही. ट्रूप गाइड नव्या मुलांना पहिल्या चार रँक पार करायला मदत करतो, धीर असलेल्याने घ्यावं. चॅपलेन एड हे नाव ऐकून आपले लोक बिचकतात, पण ते ख्रिश्चन मुलांपुरतं नाही, कॅम्पवर जेवणाआधीची प्रार्थना, रविवारची छोटी सर्वधर्म सभा हे तो बघतो, आणि "वदनी कवळ घेता" म्हणून त्याचा अर्थ इंग्लिशमध्ये सांगितला तर पोरं शांतपणे ऐकतात. हिस्टोरियन आणि लायब्रेरियन ही पदं मात्र बऱ्याच ट्रूपमध्ये नुसती बिल्ल्यापुरती उरलीत. फोटो काढणाऱ्या मुलाने हिस्टोरियन घेतलं तर ठीक, नाहीतर सहा महिन्यांनी "तू काय केलंस" या प्रश्नाला उत्तर नसतं.

पद मिळालं की पहिल्या आठवड्यात मुलाने स्काउटमास्टरला एक गोष्ट विचारायची: या पदात माझ्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे, आणि ते लिहून मिळेल का. यात उद्धटपणा काही नाही. नियमच असा आहे की अपेक्षा आधी सांगायच्या आणि काम नीट होत नसेल तर मध्येच सांगायचं, शेवटच्या दिवशी "तुझे सहा महिने धरत नाही" म्हणणं बरोबर नाही. तसंच मुळात कुठल्याही ट्रूपला, काउन्सिलला (त्या भागातले ट्रूप सांभाळणारी संस्था) किंवा माणसाला रँकच्या अटींमध्ये स्वतःची भर घालायचा किंवा त्यातून काही वगळायचा अधिकार नाही. हे माहीत असावं, पण पहिल्या दिवसापासून नियमावली घेऊन भांडायला जाऊ नये ही विनंती, समोरचे सगळे आपल्यासारखेच नोकरी करून आलेले फुकट राबणारे लोक आहेत.

महिन्यातून एकदा पीएलसी असते, म्हणजे पॅट्रोल लीडर्स काउन्सिल. पुढच्या महिन्याच्या मीटिंगला काय करायचं, कॅम्पला कुठे जायचं, हे तिथे मुलं ठरवतात, एसपीएल चालवतो, स्क्राइब टिपून घेतो, स्काउटमास्टर कोपऱ्यात बसून ऐकतो. पहिल्यांदा बघाल तर वाटेल हा नुसता गोंधळ आहे, पंधरा मिनिटं पिझ्झा कुठला मागवायचा यावर जातात. जाऊ द्या. ज्याला पुढे जायचंय त्याने पीएलसी चुकवू नये एवढंच, कारण पदं कोणाला द्यायची हे एसपीएलच्या डोक्यात तिथेच ठरत असतं. शिकवायची एक ठरलेली पद्धत पण सगळ्यांना येते, एज म्हणतात तिला: आधी समजावून सांग, मग करून दाखव, मग त्याच्याकडून करून घे, आणि मग बाजूला हो आणि त्याला एकट्याला करू दे. लाइफ रँकला या पद्धतीने दुसऱ्या स्काउटला शिकवून दाखवावं लागतं. आपल्या घरात आपण पहिल्या दोन पायऱ्या करतो, मग वैतागून "दे इकडे, मीच करतो" असं होतं. ट्रूपमध्ये लीडरशिप ट्रेनिंगचा एक दिवस असतो, आणि मोठ्या मुलांसाठी काउन्सिलचा एनवायएलटी नावाचा साधारण आठवड्याचा कोर्स. जमलं तर चौदाव्या वर्षी पाठवा, पैसे वसूल आहेत.

मेरिट बॅजवर फार लिहीत नाही, माहिती सगळीकडे आहे. स्टारला सहा, लाइफपर्यंत अकरा, ईगलला एकवीस, आणि त्यात एक सक्तीची यादी आहे. फक्त यादीतले काही बॅज वेळखाऊ आहेत, त्यांना लवकर हात घाला: पर्सनल फिटनेसला बारा आठवडे, पर्सनल मॅनेजमेंटला तेरा आठवडे जमाखर्च लिहायचा, फॅमिली लाइफला घरातल्या कामांची नव्वद दिवसांची नोंद, कॅम्पिंगला वीस रात्री. सतराव्या वर्षी नोव्हेंबरमध्ये वाढदिवस आणि सप्टेंबरमध्ये पर्सनल मॅनेजमेंट सुरू केलं तर तेरा आठवडे कुठून आणणार? सक्तीच्या यादीतले तीन-चार जड बॅज फर्स्ट क्लास व्हायच्या आधीच संपवले तर स्टारला बॅजचं टेन्शनच राहत नाही.

प्रत्येक रँकच्या शेवटी स्काउटमास्टर कॉन्फरन्स आणि, पहिली स्काउट रँक सोडली तर, मग बोर्ड ऑफ रिव्ह्यू. कॉन्फरन्स म्हणजे गप्पा, परीक्षा नव्हे, नापास वगैरे काही नसतं. बोर्डवर तीन ते सहा मोठी माणसं असतात, त्यात स्काउटमास्टर किंवा असिस्टंट नसतो आणि स्वतःच्या मुलाच्या बोर्डवर आईबाबांना बसता येत नाही. गाठ बांधून दाखव असं तिथे विचारायचं नसतं. विचारतात ते ट्रूपमध्ये काय आवडलं, काय जमलं नाही, पॅट्रोलमध्ये भांडण झालं तेव्हा काय केलं. आपली मुलं इथे पाठ केल्यासारखी बोलतात, स्काउट लॉचे बारा शब्द धडाधड म्हणून दाखवतात आणि मग गप्प. घरी एकदा नुसतं जेवताना विचारून बघा, "क्वार्टरमास्टर म्हणून सगळ्यात वैताग कशाचा आला?" तेच उत्तर बोर्डसमोर दिलं तरी उत्तम.

ईगलचा प्रोजेक्ट लाइफ झाल्यावरच करायचा. तो एखाद्या धार्मिक संस्थेसाठी, शाळेसाठी किंवा गावासाठी असावा लागतो, स्काउटिंगसाठी चालत नाही. मंदिर चालतं, आणि आपल्याकडे बरीच मुलं मंदिराच्या आवारात बाक, चपलांचे रॅक, छोटी बाग असं करतात. आधी प्रपोजलवर संस्थेची, स्काउटमास्टरची, कमिटीची आणि काउन्सिल किंवा डिस्ट्रिक्टची सही, मगच कामाला सुरुवात, आधी लाकूड कापून ठेवलं तर फुकट. किती तास हवेत असा आकडा नाही. बघतात ते मुलाने लोकांना कामाला लावलं का, आणि इथेच बाबा लोक घोळ करतात. बाबा सिव्हिल इंजिनिअर, काका कंत्राटदार, ड्रॉइंग बाबांचं, करवत काकांची, आणि पोरगा पाणी वाटतोय. कामाच्या दिवशी तुम्ही फक्त पाणी वाटा. एखादा बाक वाकडा झाला तर होऊ द्या, तो सरळ करायला कोणाला बोलवायचं हे पोराने ठरवावं.

अठराव्याच्या आत प्रोजेक्ट, बॅज, पद आणि कॉन्फरन्स झालं पाहिजे. फक्त ईगलचं बोर्ड ऑफ रिव्ह्यू वाढदिवसानंतर झालं तरी चालतं, पण ते ही लांबवू नका, मुलगा कॉलेजला निघून जातो.

आणि कागदपत्रं. ईगलच्या अर्जात प्रत्येक बॅजची तारीख, फर्स्ट क्लास, स्टार आणि लाइफच्या बोर्डाची तारीख, लाइफनंतरच्या प्रत्येक पदाची सुरुवात आणि शेवट लागतो, आणि काउन्सिल ते सगळं नोंदीशी ताडून बघतं. एक दिवस इकडेतिकडे असला तरी अर्ज परत. मेरिट बॅजची निळी कार्डं बेसबॉल कार्डांच्या प्लॅस्टिकच्या पानात घालून फाइलला लावा, रँकची कार्डंही तिथेच, आणि दर सहा महिन्यांनी मुलाला स्काउटबुक (नोंदी ठेवायची वेबसाइट) उघडून तारखा जुळवायला बसवा. पदाची तारीख तर हमखास भरलेली नसते, कारण ती टाकणारा कोणीतरी बदललेला असतो. एखादं कार्ड हरवलंय असं दिसलं तर काउन्सेलर (तो बॅज तपासून सही करणारा) गाव सोडून जायच्या आत मेल गेला पाहिजे, आणि तो मुलाने लिहायचा, तुम्ही नाही. मूल आणि काउन्सेलर यांच्यात एकट्याने मेल चालत नाही असा नियम आहे, त्यामुळे कॉपीमध्ये तुमचं नाव टाकायला सांगा. नाव आलं म्हणून लगेच रिप्लाय ऑल करू नका.